उघडता येणाऱ्या वस्तू

कोल्हापुरात घरातली एखादी वस्तू बंद पडली की अजूनही बऱ्याच घरांत पहिला प्रश्न 'कुणाकडे दाखवायची' हा असतो आणि 'नवी कोणती घ्यायची' हा प्रश्न त्यानंतर येतो. शिवाजी उद्यमनगरासारखी वसाहत ज्या शहराच्या पोटात आहे, त्या शहराला ही सवय असणे स्वाभाविक आहे. लेथ, शेपर, वेल्डिंग, पॅटर्न, ओतकाम, मोटर रिवाइंडिंग अशी कामे इथे एकमेकांना खेटून असलेल्या शेडमध्ये चालतात, आणि बाजारात न मिळणारा एखादा सुटा भाग नमुना दाखवून पलीकडच्या शेडमध्ये घडवून घेता येतो, हा इथल्या कितीतरी कुटुंबांचा अनुभव आहे. माझ्या सासरचे कुटुंब त्यांतलेच. मात्र गेल्या काही वर्षांत घरात येणाऱ्या वस्तूंकडे पाहताना मला असे सतत जाणवते की, या सवयीला जागाच उरू नये अशा रीतीने त्या बनवल्या जात आहेत. त्या कमी बिघडतात, हे मी मान्य करते. पण एकदा बिघडल्या की बाहेरच्या माणसाला त्यांच्या आत शिरता येत नाही. मला या गोष्टीची मनापासून काळजी वाटते, आणि तिचा पैशांशी असलेला संबंध त्यातला लहानसा भाग आहे.

माझे सासरे उद्यमनगरात लेथवर काम करायचे. दुकानात कोणतीही वस्तू पसंत पडली की ते ती उलटी करून तिचे स्क्रू कुठे आहेत, किती आहेत आणि आपल्या घरच्या पेचकसाने निघतील का, एवढे पाहत आणि मगच किंमत विचारत. दुकानदाराला ते विचित्र वाटे. मला मात्र आता त्यामागचा विचार अगदी बरोबर वाटतो. वस्तू विकत घेणे म्हणजे तिच्याशी काही वर्षांचा संबंध जोडणे, आणि त्या वर्षांत ती कधीतरी बिघडणारच, हे त्यांनी खरेदीच्या क्षणीच गृहीत धरलेले असे.

स्वयंपाकघरातला मिक्सर घ्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी सुके खोबरे, तीळ, खसखस, भाजलेला कांदा यांचे वाटण ज्या घरात नित्याचे आहे, तिथे मिक्सरला फारशी विश्रांती मिळत नाही. भांड्याखालचा कपलर झिजतो, मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे संपतात, बुश सैल होऊन भांड्याच्या तळातून काळसर पाणी झिरपू लागते, पात्यांची धार जाते. या प्रत्येक गोष्टीचा सुटा भाग आमच्या पेठेतल्या दुकानात मिळतो, आणि तो बसवताना मेस्त्री आपल्यासमोरच मिक्सर उघडतात. संपलेला कार्बन हातावर ठेवून त्यांनी मला एकदा सांगितले, "वहिनी, सुकं खोबरं अख्खं टाकून फिरवू नका, आधी किसून घ्या आणि भांडं गच्च भरू नका. मोटर तापली की कार्बन लवकर जातोय." ही माहिती मिक्सरसोबत आलेल्या पुस्तिकेतही कुठेतरी असेलच. पण झिजून नखाएवढा उरलेला कार्बन हातात घेऊन ती ऐकली, म्हणून माझ्या लक्षात राहिली आणि तेव्हापासून मी तशी वागते. दुरुस्तीच्या दुकानात वस्तू चालू करून मिळते, त्याचबरोबर ती वापरायची कशी याचे शिक्षणही मिळते. कोणतीही कंपनी हे दुसरे काम मोजत नाही, त्यामुळे ते बंद पडले तरी कुणाच्या हिशेबात नुकसान दिसत नाही.

आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत वेगळेच घडले. ड्रम ठीक होता, मोटर ठीक होती, पाण्याचा व्हॉल्व्हही ठीक होता, पण यंत्र चालू होत नव्हते. कंपनीने पाठवलेला तरुण मुलगा अत्यंत सभ्य होता. त्याने मीटर लावून पाहिले आणि कंट्रोल बोर्ड गेल्याचे सांगितले. बोर्डवरचा नेमका कोणता भाग गेला, हे विचारल्यावर त्याने मला बोर्ड दाखवला. सगळे भाग जाड, पारदर्शक रसायनात बुडवून गोठवलेले होते. हे रसायन कशासाठी असते, हे मला ठाऊक आहे. ओल, साबणाचे पाणी, झुरळे यांच्यापासून त्याने बोर्डचे रक्षण होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचा खरोखर उपयोग आहे. पण त्याच रसायनामुळे आतला दहा-वीस रुपयांचा भाग बदलणे जवळजवळ अशक्य होते आणि संपूर्ण बोर्डच बदलावा लागतो. त्या बोर्डची किंमत नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होती. "यापेक्षा नवीनच घ्या, एक्स्चेंजमध्ये थोडं कमी होईल," असे तो म्हणाला तेव्हा मला त्याचा राग आला नाही. त्याला बोर्डची आकृती दिलेली नसते, एका घरी किती वेळ थांबायचे हे ठरवून दिलेले असते, आणि त्याच्या पिशवीत बदलण्याचे सामान असते, दुरुस्तीचे नसते. आयटीआयमध्ये शिकलेला, हाताने चांगला असलेला हा मुलगा दिवसभर एक बंद खोका काढून दुसरा बंद खोका बसवत राहतो. त्याला काय येते, याचा उपयोग करून घेण्याची कुणाला गरजच उरलेली नाही. यंत्रापेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते.

खरे तर यंत्र उघडून पाहण्याचे महत्त्व या शहराला कुणी सांगायची गरज पडू नये. आडनावाने मेस्त्री असलेले आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे ओढले गेले, प्रोजेक्टर मिळवून खेळ दाखवू लागले आणि पुढे चित्रपट काढायचा तर कॅमेराही आपणच बनवायचा, या निश्चयापर्यंत आले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा मानस्तंभ उभा आहे आणि त्याच्यासमोरून आपण रोज गाड्यांवरून जातो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म एकेका चौकटीपाशी क्षणभर थांबवून पुढे सरकवणारी जी रचना असते, तीच मूळ कल्पना कॅमेऱ्यातही असते. म्हणजे विकत आणलेले एक यंत्र समजून घेतल्यामुळे दुसरे यंत्र घडवण्याची वाट मोकळी होत होती. परदेशात बनलेली ती पेटी गोठवलेल्या रसायनात बंद असती, किंवा तिच्यातला प्रत्येक भाग आपल्या मालकाची ओळख पटल्याशिवाय चालायला तयार नसता, तर त्या दोघांना चित्रे रंगवण्यावरच समाधान मानावे लागले असते. नवे काही बनवणारी माणसे बहुतेक वेळा आधी दुसऱ्याचे बनवलेले उघडून पाहतात, आणि उघडून पाहण्याची ही मुभा गेली तर पुढच्या पिढीत बनवणारी माणसे कुठून येणार, हा प्रश्न मला फार छळतो.

या प्रश्नाचे गांभीर्य कोल्हापुराने महापुरात जेवढे अनुभवले, तेवढे एरवी कुणी अनुभवले नसेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झाले. २०१९ मध्ये शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे, चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहरात नळाला मात्र पाणी नव्हते आणि लोक टँकरमागे धावत होते. पूर ओसरल्यावर केंद्रांतल्या मोटारी सुकवून, तपासून, पुन्हा जोडल्या गेल्या तेव्हा कुठे पाणी येऊ लागले. ज्यांनी हे काम केले त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

त्या दिवसांत रिवाइंडिंगच्या दुकानांसमोर मोटारींची रीघ लागलेली होती. शेतातले पाणबुडी पंप, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, इमारतींच्या टाक्यांच्या मोटारी, सगळ्यांवर एकच करडा गाळ होता. बुडालेली मोटर ही मेलेली मोटर नसते, हे मी तेव्हा समोर उभी राहून पाहिले. ती उघडतात, गाळ धुऊन काढतात, स्टेटर, म्हणजे तारांची गुंडाळी असलेला स्थिर भाग, भट्टीत सुकवतात, मेगर नावाचे मीटर लावून तारांचे इन्सुलेशन तपासतात. आकडा समाधानकारक असेल तर वॉर्निश देऊन, बेअरिंग बदलून पुन्हा जोडतात, आणि वाइंडिंग गेलेलेच असेल तर जुनी तार काढून नवी भरतात. जळालेल्या जुन्या तांब्यालाही मोल असते आणि ते बिलातून वजा होते. आमच्या ओळखीच्या एका दुकानदारांनी त्या महिनाभरात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवले, आणि पिठाच्या गिरणीची मोटर आधी घेतली, कारण गिरणी चालू झाल्याशिवाय गल्लीला भाकरी नव्हती. कोणते काम आधी करायचे, हे ज्या माणसाला गल्ली ठाऊक आहे त्यानेच ठरवलेले बरे असते.

त्याच गल्लीत रस्त्याच्या कडेला दुसरा ढीग होता. त्यात टीव्ही होते, कपडे धुण्याची नवी यंत्रे होती, मायक्रोवेव्ह होते, इन्व्हर्टर होते. त्यांतले काही निश्चितच दुरुस्त होण्यापलीकडे गेले होते, कारण गढूळ पाण्यात दिवसेंदिवस बुडालेले इलेक्ट्रॉनिक्स आणि जाड तांब्याची मोटर यांची तुलना करणे योग्य होणार नाही, आणि अशा वस्तूला घाईने वीज जोडणे जिवावर बेतू शकते. पण काही वस्तू केवळ सुटा भाग मिळत नाही किंवा उघडायला मार्ग नाही म्हणून त्या ढिगात गेल्या, हे मला तिथल्याच मेस्त्रींनी सांगितले. दोन महापुरांच्या मधल्या काळात आणखी एक बदल झाला, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुराविषयीचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन सोडणारे फ्युएल इंजेक्शन आले. हवा त्यामुळे कमी बिघडते, तेव्हा हा बदल चांगलाच आहे. मात्र २०१९ मध्ये बुडालेली गाडी कोपऱ्यावरच्या मेस्त्रींनी ऑइल काढून, प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करून उभी केली होती, आणि २०२१ मध्ये बुडालेल्या नव्या गाड्यांसाठी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरपुढे रांग लावावी लागली. आता आमच्या मेस्त्रींनीही स्वतःचा स्कॅनर घेतला आहे आणि साठीला आलेला तो माणूस तो सफाईने चालवतो. नवे शिकायला हे लोक कधीच नाखूश नसतात. त्यांना शिकू दिले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

हे सगळे वाचून मला जुन्याची ओढ आहे असा समज होऊ नये. जुने हिटर किती धोकादायक होते, जुना फ्रीज किती वीज खात असे आणि लेथवर किती जणांची बोटे गेली, हे आमच्या घरात कुणालाही विसरता येत नाही. मला नवे तंत्रज्ञान आवडते, आणि ज्या तंत्रज्ञानाने माझ्या माहेरचे आयुष्य सर्वांत जास्त सुखाचे केले ते अगदी अलीकडचे आहे. माझा धाकटा भाऊ राधानगरी तालुक्यात ऊस करतो. शेतीला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज असते, म्हणजे मोटर चालू करायला मध्यरात्री उठून, बॅटरी घेऊन, उसाच्या बांधावरून विहिरीवर जायचे. वाटेत साप असतात, कधी गवे उतरलेले असतात. तो घरी परतेपर्यंत आई जागी बसलेली असे. आता स्टार्टरला सिमकार्डाची एक पेटी जोडलेली आहे. तो अंथरुणातूनच फोन लावतो, मोटर सुरू होते, वीज गेली तर पेटी त्याला कळवते आणि आई झोपू शकते. एवढ्या थोड्या पैशांत एवढे मोठे सुख देणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. मी त्याला विचारले की, ही पेटी बिघडली तर काय करतोस? तो म्हणाला, "आक्का, पेटी बंद पडली तरी स्टार्टरचं हिरवं बटण हातानं दाबलं की मोटर चालू हुती की. पेटी मग तालुक्याला जाऊन दुरुस्त करून आणायची."

मला नेमके हेच हवे आहे. यंत्राने माझे कष्ट वाचवावेत, पण ते बंद पडल्यावर त्याखालचे काम माझ्या हातांना करता यावे, आणि ते यंत्र जवळच्या गावात कुणाला तरी दुरुस्त करता यावे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे हे याच विचाराचे मोठे उदाहरण आहे, असे मला वाटते. शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेले हे धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की पाण्याच्या दाबानेच उघडतात व पातळी उतरली की मिटतात. त्यांना वीज लागत नाही, संदेश लागत नाही. पावसाळ्यात 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले' अशी बातमी आली की नदीकाठचे शेतकरी आपले पंप वर काढायला लागतात. दरवाजा कशाने उघडतो हे त्यांना समजते, म्हणून त्या बातमीवर विश्वास ठेवून ते लगेच हालचाल करतात. स्वयंचलित असणे आणि अगम्य असणे या दोन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत असे मुळीच नाही.

फोनच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. माझ्या सासूबाईंचा फोन अगदी सुस्थितीत आहे. पडद्यावर ओरखडा नाही, आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते. त्यांनी तो नातींशी बोलण्यासाठी आणि पेन्शन जमा झाली का ते पाहण्यासाठी वापरला, आणि त्यांच्या वयात हे शिकून घेतल्याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. एके दिवशी बँकेच्या अॅपने सांगितले की, या फोनवर ते यापुढे चालणार नाही. फोनच्या कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणे थांबवले होते आणि जुन्या प्रणालीवर पैशांचे व्यवहार होऊ न देणे हे बँकेच्या दृष्टीने योग्यच होते. म्हणजे कुणीच चुकीचे वागले नाही, कोणताच भाग बिघडला नाही, आणि तरीही एका म्हातारीच्या हातातली वस्तू निकामी झाली. "मी काय चुकीचं दाबलं का गं?" असे त्यांनी मला दोनदा विचारले. बिघाडाचे कारण वस्तूत दिसत नसले की साधी माणसे ते स्वतःत शोधू लागतात, आणि हे मला सहन होत नाही. नवा फोन आम्ही घेतला, पण त्यातली बटणे पुन्हा नव्या जागी आहेत आणि त्यांचा आत्मविश्वास पूर्वीइतका राहिलेला नाही.

फोनमधल्या भागांची जोडणी ही आणखी एक पायरी आहे. काही फोनांत पडदा, बॅटरी, कॅमेरा यांना स्वतःचा क्रमांक असतो आणि तो मुख्य बोर्डशी बांधलेला असतो. एकाच बनावटीच्या दोन अस्सल फोनांचे पडदे आपसात बदलले तरी फोन इशारे देत राहतो किंवा एखादी सोय बंद करतो. चोरीचे भाग विकले जाऊ नयेत आणि बोटाच्या ठशाची सुरक्षितता टिकावी, ही त्यामागची कारणे मी समजू शकते. पण बॅटरीला बोटाचा ठसा नसतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या प्रकाराला आडकाठी घातली, तेव्हा तिथल्या लोकांनाही हीच शंका आली असणार.

युरोपात याबाबत बरेच पुढे काम झाले आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघात जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांसाठी, त्या प्रकारची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट देणे बंधनकारक आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे असा नियम लागू होणार आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे तिने हाती घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपन्यांची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले, आणि २०२५ मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत अशी शिफारस करणारा अहवाल सादर झाला. शेतीच्या अवजारांना यादीत स्थान मिळाले, याचा मला विशेष आनंद आहे, कारण ऐन हंगामात बंद पडलेला ट्रॅक्टर किंवा पंप किती दिवस थांबू शकतो, हे शहरातल्या कागदावरून कळत नाही.

नियमांनी सवयी बदलत नाहीत, असे पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. विजेच्या उपकरणांवरची तारांकित पट्टी २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा दुकानात तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हते. आज राजारामपुरीतल्या कोणत्याही दुकानात उभे राहून पाहा, फ्रीज घ्यायला आलेल्या मावशी रंगाच्या आधी 'किती स्टार' विचारतात, आणि तीनचा घ्यावा की पाचचा यावर नवऱ्याशी हुज्जत घालतात. दुरुस्तीयोग्यतेचा आकडा वस्तूवर ठळक छापलेला असेल तर त्याच मावशी तोही विचारतील, आणि दुकानदाराला उत्तर ठाऊक ठेवावे लागेल.

नियम येतील तेव्हा येतील, पण दुरुस्ती करणारी तरुण मुले थांबलेली नाहीत. स्टेशन रोडच्या बाजूला एका लहानशा गाळ्यात एक मुलगा मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करतो. त्याच्यासमोर सूक्ष्मदर्शक, गरम हवेची गन, सोल्डरिंग आयर्न आणि वाळूच्या कणाएवढ्या भागांची डबी असते. तो हे काम इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून आणि इतर शहरांतल्या कारागिरांच्या ग्रुपवर प्रश्न विचारून शिकला. ज्या तंत्रज्ञानाने वस्तू बंद केल्या त्याच तंत्रज्ञानाने त्या उघडायचे ज्ञान त्याच्यापर्यंत आणले, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. त्याला सर्वांत जास्त कशाची अडचण येते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "डायग्राम मिळाला की निम्मं काम झालं, मॅडम. नाही मिळाला तर दुसरा चालू बोर्ड शेजारी ठेवून एकेक पॉइंट मोजत बसायला लागतंय. कधी एका फोनला अख्खी दुपार जाती." पूर्वी कित्येक रेडिओ आणि टीव्हींसोबत जोडणीची आकृती येत असे, कधी ती मागच्या झाकणाच्या आतच चिकटवलेली असे, ही गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्याला ती खरी वाटेना. मी सासऱ्यांच्या कपाटातला एका जुन्या रेडिओचा तसा कागद त्याला नेऊन दाखवला. तो रेडिओ त्याच्या काहीच उपयोगाचा नव्हता, तरी त्याने त्या कागदाचा फोटो काढून घेतला.

आकृती देण्यात कंपनीचे काय जाते, हे मला अद्याप कुणी पटेल असे सांगितलेले नाही. नक्कल करणारा मोठा कारखाना यंत्र उघडून, मोजून आपले काम करूनच घेतो. त्याच्यापासून काहीच लपत नाही. लपते ते या गाळ्यातल्या मुलापासून, पेठेतल्या मेस्त्रींपासून आणि आयटीआयच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपासून. गुपिताचा हा भार नेमका दुबळ्या माणसांवर पडतो, आणि त्यातून ज्या शहरांची ओळखच हाताच्या कामावर उभी आहे ती शहरे हळूहळू केवळ खरेदी करणारी शहरे होतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे आज संगणकावर चालणारी उत्तम सीएनसी यंत्रे आहेत आणि मोठमोठ्या वाहन कंपन्यांना लागणारे सुटे भाग तिथून जातात. अशा शहरातल्या मुलांना स्वतःच्या हातातला फोन उघडायला बंदी असावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आमच्या घरी आता नवे कपडे धुण्याचे यंत्र घ्यायचे आहे. बोर्ड बदलून जुने चालवावे असे माझ्या मनात फार होते, पण तो बोर्ड कंपनीकडेच शिल्लक नसल्याचे कळले. म्हणून मी राजारामपुरीतल्या दुकानात प्रत्येक यंत्रापाशी तीन प्रश्न विचारते. बोर्ड किती वर्षे मिळेल, मागचे झाकण साध्या पेचकसाने निघते का, आणि ड्रमचे बेअरिंग वेगळे बदलता येते की पूर्ण ड्रमच बदलावा लागतो. शेवटच्या प्रश्नावर पहिल्या दिवशी दुकानातले सगळेच गोंधळले. काही यंत्रांत ड्रमभोवतीची टाकी दोन अर्ध्या भागांची, जोडून कायमची बंद केलेली असते, त्यामुळे काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी संपूर्ण टाकी बदलावी लागते. काहींत ती स्क्रूने जोडलेली असते. विक्री करणाऱ्या मुलीला हे ठाऊक नव्हते, पण तिने माझा प्रश्न उडवून लावला नाही. तिने आपल्या मालकांना विचारले, मालकांनी त्यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मेस्त्रींना फोन लावला, आणि मेस्त्रींनी मांडलेल्या यंत्रांपैकी दोन प्रकारांची नावे सांगितली ज्यांची टाकी उघडते. त्यांतले एक दिसायला साधे आहे, त्याला फोनवरून चालवायची सोय नाही आणि ते थोडे महागही आहे. आम्ही तेच घेणार आहोत, आणि विक्रीच्या पावतीवर सुटे भाग किती वर्षे मिळतील ते लिहून द्या, असे मी मालकांना सांगून आले आहे.